केशरी बाऊल पालथा घालून बघा: जुनी अमेरिकन कार्निव्हल काच ओळखताना, घेताना आणि जपताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोतल्या एका एस्टेट सेलमध्ये (घर रिकामं करताना होणाऱ्या सामानाच्या विक्रीत) द्राक्षांची नक्षी आणि केशरी झळाळी असलेला साधारण नऊ इंची बाऊल दिसला. चिठ्ठीवर ‘नॉर्थवुड, 1910’ (नॉर्थवुड हा अमेरिकेतला एक जुना काच कारखाना) आणि किंमत 45 डॉलर. तो खरा आहे का, भाव रास्त आहे का, अशा काचेचा संग्रह करायचा तर सुरुवात कशी करावी, आणि पुढे काही वस्तू पुण्याच्या घरी न्यायच्या झाल्या तर काय बघावं?

तुम्ही पाठवलेल्या फोटोत फक्त वरची बाजू आहे. खरी अडचण तीच. विकणारा झळाळी दाखवतो, घेणाऱ्यानं वस्तू पालथी घालून बघायची असते. तळ, पाठीमागची नक्षी आणि काठ या तीन जागा बघितल्याशिवाय चिठ्ठीवरच्या कुठल्याही नावावर विश्वास ठेवू नका. चिठ्ठी लिहिणारा बहुतेक वेळा घर रिकामं करून देणाऱ्या कंपनीचा माणूस असतो आणि त्याला द्राक्षं दिसली की नॉर्थवुड आठवतो.

कार्निव्हल काच, म्हणजे साच्यात दाबून वर धातूची रंगीबेरंगी झळाळी दिलेली काच, बनायची कशी, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या परीक्षा पाठ कराव्या लागणार नाहीत. वितळलेल्या काचेचा लोळ कात्रीनं तोडून लोखंडी साच्यात सोडायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. आतबाहेरची नक्षी तिथेच उमटायची. मग वस्तू तळाशी चिमट्यात धरून पुन्हा भट्टीच्या तोंडाशी तापवायची आणि कारागीर हातातल्या हत्यारांनी तिचा काठ उघडायचा, चुण्या पाडायचा, आत वळवायचा किंवा पार सपाट करून ताट बनवायचा. त्यानंतर गरम काचेवर धातूंच्या क्षारांचा, मुख्यतः लोह आणि कथिलाच्या क्लोराइडांचा, फवारा. त्यानं पृष्ठभागावर धातूच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग दिसू लागतात. काच जास्त तापलेली असताना फवारा बसला तर झळाळी मऊ, सॅटिनसारखी येते. जरा निवल्यावर बसला तर आरशासारखी चकचकीत. शेवटी वस्तू लांबलचक भट्टीतून हळूहळू थंड करत बाहेर काढायची.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली: वस्तूचा ‘रंग’ म्हणजे मूळ काचेचा रंग, झळाळीचा नव्हे. तुमच्या बाऊलचा केशरी, म्हणजे मॅरीगोल्ड, हा सगळा फवाऱ्यातून आलेला आहे, खाली काच पांढरी पारदर्शक आहे. जांभळ्या, निळ्या आणि हिरव्या वस्तूंत मूळ काचच रंगीत असते. दुसरी: काठ हातानं घडवलेला असल्यामुळे एकाच साच्यातून निघालेले दोन बाऊल तंतोतंत सारखे नसतात. तिसरी: फवारा काठ घडवल्यावर मारलेला असतो, म्हणून काठाच्या टोकावरही झळाळी असलीच पाहिजे. ही तिसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे दुरुस्ती पकडताना कामी येते.

जुन्या काळातले मोठे कारखाने पाच. फेंटन बंधूंनी 1905 मध्ये ओहायोतल्या मार्टिन्स फेरीत दुसऱ्यांच्या काचेवर रंगकाम करून सुरुवात केली आणि 1907 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यम्सटाउनला स्वतःची भट्टी पेटवली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी झळाळीची काच बाजारात आणली. हॅरी नॉर्थवुड यांचा कारखाना वेस्ट व्हर्जिनियातल्याच व्हीलिंगला, इंपीरियलचा नदीपलीकडे, ओहायोतल्या बेलेअरला. डुगनचा कारखाना पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ‘इंडियाना’ नावाच्या गावात होता. इथे नवखे हमखास फसतात, कारण ‘इंडियाना ग्लास’ ही निराळी कंपनी, ती इंडियाना राज्यातल्या डंकर्क गावची आणि तिची झळाळीची काच बहुतांशी 1970च्या दशकातली. पाचवा मिलर्सबर्ग. फेंटन बंधूंपैकी जॉन यांनी 1909 मध्ये काढला आणि दोनच वर्षांत दिवाळखोरीत गेला, म्हणून त्याचा माल कमी आणि महाग. 1907-08 पासून 1920च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा माल तो ‘जुना’. नंतरच्याला संग्राहक ‘उशिराचा’ किंवा ‘आजचा’ म्हणतात, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता तुमच्या द्राक्षांकडे. अडचण अशी की द्राक्षं सगळ्यांनीच काढली. नॉर्थवुडच्या नक्षीला ‘ग्रेप अँड केबल’ म्हणतात: द्राक्षांचे घड, पानं आणि त्यांच्यामधून फिरणारी दोरखंडासारखी पट्टी. पण जवळजवळ हीच नक्षी फेंटननंही केली. फेंटनची आणखी एक द्राक्षांची नक्षी ‘व्हिंटेज’. इंपीरियलच्या दोन, ‘इंपीरियल ग्रेप’ आणि ‘हेवी ग्रेप’. आणि इंडियाना ग्लासची ‘हार्वेस्ट’, जी आज अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, सापडते. तेव्हा द्राक्षं दिसली एवढ्यावर काहीच ठरत नाही.

बाऊल पालथा घाला. नॉर्थवुडच्या ग्रेप अँड केबलच्या पाठीवर पुष्कळदा टोपलीच्या विणीची नक्षी असते आणि आतल्या बाजूला मधोमध वर्तुळातला, खाली रेघ मारलेला इंग्रजी एन. दोन्ही सापडले आणि झीज, काठ वगैरे जुळलं तर चिठ्ठी खरी. एन नसला म्हणून नॉर्थवुड नाही असं मात्र नाही, त्यांचा बराच माल बिनखुणेचा आहे. उलट एन दिसला म्हणून जुनाच, असंही नाही. एल. जी. राइट या कंपनीनं साठ-सत्तरच्या दशकांत वर्तुळातल्या एनला एक वाकडा जादा पाय जोडून खूण वापरली होती. घाईत ती एन वाटते, भिंगातून डब्ल्यूसारखी दिसते. पुढे अमेरिकन कार्निव्हल ग्लास असोसिएशननं नॉर्थवुडच्या खुणेचा हक्कच विकत घेतला, कुणी ती पुन्हा वापरू नये म्हणून. तरीही आशियातून आलेल्या नकलांवर, खासकरून ‘गुड लक’ नक्षीचे बाऊल आणि ‘पीकॉक अॅट द फाउंटन’ नक्षीचे पाण्याचे जग यांवर, एन सापडतो. खुणेला पुरावा माना, पण निकाल नव्हे.

इंपीरियलची गोष्ट सोपी आहे. त्यांनी जुने साचे साठच्या दशकात पुन्हा बाहेर काढून कार्निव्हल काच नव्यानं केली आणि त्यावर आय व जी ही एकमेकांत गुंफलेली अक्षरं उमटवली. ही खूण 1951 पासूनची. 1973 पासून त्याला एल जोडला गेला आणि 1981 नंतर पुढे ए. कारखाना 1984 मध्ये बंद झाला. म्हणजे आय-जी दिसला की वस्तू जुन्या काळातली नाही, विषय संपला. लबाड विक्रेते ही खूण घासून काढतात. तळाच्या मध्यावर झळाळी नसलेला, किंचित खोलगट आणि धुरकट गोल डाग दिसला तर वस्तू ठेवून द्या.

फेंटनचं तसंच. 1970 पासूनच्या त्यांच्या कार्निव्हल काचेवर लंबगोलात कंपनीचं नाव असतं. लंबगोलात खाली बारीक 8 असेल तर ऐंशीचं दशक, 9 असेल तर नव्वदचं, 0 असेल तर 2000 नंतरचं. फेंटननं 2011 मध्ये भट्टीवरचं काम थांबवलं. जुन्या फेंटनवर साच्यातली खूण नसतेच, त्यामुळे ‘1910 चा, खूण असलेला फेंटन’ अशी जाहिरात दिसली की हसून पुढे जा.

हार्वेस्ट ओळखायला खुणेची गरज नाही. काठ यंत्रातून निघाल्यासारखा एकसारखा, हातानं दिलेली एकही चुणी नाही, आणि झळाळी सगळीकडे एकाच दाटपणाची. सगळ्यात जास्त दिसतात ते गडद निळे, मोरपिशी चमकीचे जग आणि पेले, शिवाय हिरवट व सोनेरी रंगांतही माल आहे. काच वाईट नाही, टेबलावर छान दिसते, फक्त 1910 च्या भावानं घेऊ नका. याच पंगतीत जेनेट या काच कंपनीची ‘फ्लोरागोल्ड’ आणि 1950च्या दशकातली झळाळीची ‘आयरिस’. विक्रेते दोन्हींना सरसकट कार्निव्हल म्हणून विकतात.

पिशवीत काय न्यायचं: दहा पटींचं भिंग, फोनचा टॉर्च, शिंप्याची टेप, एक कोरा पांढरा कागद आणि जमल्यास 395 नॅनोमीटरचा लहान अतिनील टॉर्च. कागद तळाखाली धरून वरून टॉर्च मारला की मूळ काचेचा रंग कळतो. जवळजवळ काळी दिसणारी वस्तू अशी बघितली की जांभळी, निळी की हिरवी ते स्पष्ट होतं. तळाचं कडं, म्हणजे वस्तू ज्यावर टेकते तो गोल काठ, ही रंग बघायची सर्वांत चांगली जागा. तिथे झळाळी विरळ असते. अतिनील टॉर्चचा लोक फाजील उपयोग करतात. युरेनियमची काच त्यात झगझगीत हिरवी पेटते आणि मँगनीज घातलेली पांढरी काच मंद हिरवट दिसते. पण चमकणं म्हणजे जुनेपणा नव्हे, फेंटननं युरेनियमची काच अगदी अलीकडेपर्यंत केली. टॉर्चनं मूळ काच कळते, साल कळत नाही.

मग झीज. शंभर वर्षं टेबलावर, फळीवर सरकलेल्या बाऊलच्या कड्यावर बारीक ओरखडे पडतात, सगळ्या दिशांनी आडवेतिडवे, कुठे दाट कुठे विरळ. नव्या वस्तूचं कडं गुळगुळीत असतं. पॉलिश कागदावर घासून जुनी केलेली असेल तर ओरखडे एकाच दिशेचे आणि सगळीकडे सारखे. पाय असलेल्या बाऊलमध्ये तिन्ही पायांच्या टोकांवर झीज बघा, कारण तीन पाय सहसा सारखे झिजत नाहीत.

आता नुकसान, आणि इथे थांबून सावकाश बघायला हवं, कारण पैसे बहुधा याच जागी बुडतात. बाऊल खिडकीशी न्या. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली कोणताही मॅरीगोल्ड देखणा दिसतो. बोटाचं पेर काठावरून आत, वर आणि बाहेर असं तीन फेऱ्यांत फिरवा, नजर दुसरीकडे ठेवून. बोटाला कळतं ते डोळ्याला निसटतं. तांदळाच्या कणीएवढा टवका चुण्यांच्या वळणावर, द्राक्षाच्या उंचवट्यावर किंवा पायाच्या टोकावर असतो. काठाचा काही भाग गुळगुळीत, पण त्यावर झळाळीच नाही, पांढरी काच चमकतेय, असं दिसलं तर टवका घासून काढलाय. मघाचा फवाऱ्याचा नियम इथे लागू होतो. सगळाच काठ असा असेल तर वस्तूची उंची शेजारच्या तशाच वस्तूशी ताडून बघा, अख्खा काठ खाली घासलेला असू शकतो.

तडा आणि ‘कात्रीचा वळ’ यांत गोंधळ होतो. लोळ कात्रीनं तोडताना काच जिथे आधी थंड झाली तिथे कधी कधी एक रेघ राहते. ती पृष्ठभागावर असते, आरपार जात नाही, दोन्ही टोकांना विरून जाते, आणि वस्तू फिरवली तरी तशीच दिसते. तडा प्रकाशात आरशासारखा चमकतो. वस्तू किंचित फिरवली की त्याची चमक एकदम दिसते, एकदम नाहीशी होते. वळ हा दोष नव्हे, जन्मखूण आहे, भाव फार पाडत नाही. तडा मात्र वाढत जातो, विशेषतः हँडलच्या सांध्यापाशी आणि काठाशी. मडकं घेतो तसं टिचकी मारून बघायला हरकत नाही, पण नाद घुमला नाही म्हणजे तडाच, असं नाही. जाड तळाचे बाऊल आणि आत वळलेल्या काठाचे बाऊल मुळातच बद्द वाजतात.

पेल्यांत आणि फुलदाण्यांत आणखी एक रोग: आतून धुरकट पांढरेपणा. वर्षानुवर्षं जड पाणी साचून राहिलं की क्षार बसतात, ते निघू शकतात. पण पाण्यानं काचेचा पृष्ठभागच खाल्ला असेल तर ते कायमचं. ओला केल्यावर पांढरेपणा नाहीसा होतो आणि वाळल्यावर परत येतो, हे दोन्हींत घडतं, म्हणून ओली फुलदाणी कधी विकत घेऊ नका. वाळू द्या, मग ठरवा.

भाव तीन गोष्टींवर ठरतो: नक्षी, आकार आणि रंग, या तिघांची जोडणी कशी आहे त्यावर. फेंटनची ‘ड्रॅगन अँड लोटस’ नक्षी मॅरीगोल्ड आणि निळ्या बाऊलमध्ये भरपूर मिळते. तोच बाऊल लाल काचेत असेल तर भाव कितीतरी पट. लाल काच महाग होती आणि फेंटननं ती मुख्यतः विशीच्या दशकात केली. नॉर्थवुडचे फिके बर्फाळ निळे-हिरवे आणि दुधी कडांचे समुद्री रंग असेच चढे. आकारात ताट बाऊलपेक्षा वरचढ, म्हणून विक्रेते उथळ बाऊललाही ताट म्हणतात. नऊ इंची ताटाचा काठ टेबलापासून दोन इंचांहून वर उचललेला नसावा, हा संग्राहकांत रूढ असलेला निकष. टेप नेली आहे ना, मोजा. ओढून लांबवलेल्या फुलदाण्यांचं मोजमाप उंचीवर नाही तर तळाच्या व्यासावर करतात. गरम काच झोका देऊन लांबवत, त्यामुळे एकाच साच्यातून आठ इंची निघते आणि बारा इंचीही. तळ पाचेक इंचांचा असेल तर ती अंत्यविधीच्या फुलांसाठीची मोठी फुलदाणी, आणि तिचा भाव वेगळा.

तेव्हा तुमचे 45 डॉलर. एन आणि टोपलीची वीण आहे, काठ निर्दोष आहे, मॅरीगोल्ड तळापर्यंत दाट आहे: भाव ठीक, घ्या. बिनखुणेचा, झीज असलेला जुना इंपीरियल निघाला तर 30 पर्यंत. आय-जी असेल तर 15 ते 20. हार्वेस्ट असेल तर 10 च्या वर जाऊ नका. काठाला टवका असेल तर यातल्या प्रत्येक आकड्याच्या निम्म्याहून कमी. तडा असेल तर फुकट मिळाला तरच, शिकायला. साधा मॅरीगोल्ड गेल्या वीसेक वर्षांत स्वस्त झालाय आणि तो परत चढेल या आशेवर घेण्यासारखा नाही. गुंतवणूक म्हणून बघत असाल तर वेगळा विषय निवडा. एस्टेट सेलच्या दुसऱ्या दिवशी भाव उतरवतात, बहुतेक ठिकाणी निम्मे. पण चांगली वस्तू तोवर टिकत नाही, म्हणून पहिल्या दिवशी बघून घ्या आणि जिद्द धरायची की नाही ते तिथेच ठरवा. भाव ताडायचे तर विक्रेत्यांनी मागितलेले आकडे बघू नका, ऑनलाइन लिलावांत ‘विकले गेलेले’ असा गाळणीचा पर्याय लावा. लिलावात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन, कर आणि पाठवणी चढते, 60 ची बोली घरी येईपर्यंत सहज 90 होते.

सुरुवात कशानं करावी? एकच वस्तू-प्रकार धरा, नक्षी बदलती ठेवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पेले सोयीचे: साधारण चार इंच उंच, एका फळीवर वीस मावतात, पाठवायला सोपे, आणि पाचही कारखान्यांचे मिळतात. जुना पेला हातात हलका लागतो आणि त्याची भिंत पातळ असते. नकली पेला बुडाशी जाड आणि जड. एक जग आणि सहा पेले असा पूर्ण ‘वॉटर सेट’ जमवण्याच्या मागे लगेच लागू नका. सहावा पेला मिळेपर्यंत तुम्ही त्याला दुप्पट भाव द्यायला तयार झालेला असता आणि विक्रेत्याला ते चेहऱ्यावर वाचता येतं. तुम्ही ओहायोत आहात ही मोठी सोय आहे. बेलेअरला इंपीरियल काचेचं संग्रहालय आहे, व्हीलिंगला ओगलबेचं काच संग्रहालय. अर्धा दिवस तिथे घालवा, खऱ्या वस्तू रांगेनं बघितल्या की डोळा लवकर तयार होतो. संग्राहकांच्या संघटनांची वार्षिक संमेलनं हॉटेलांत भरतात. लिलावाच्या आधीच्या दिवसांत सभासद आपापल्या खोल्यांची दारं उघडी ठेवून पलंगांवर, टेबलांवर माल मांडून बसतात. तिथे वस्तू हातात घेऊन विचारता येतं, दोष लपवला जात नाही, आणि नवख्याला समजावून सांगायला माणसं उत्सुक असतात.

साफसफाई. हिवाळ्यात गॅरेजमधून किंवा गाडीच्या डिकीतून आलेली काच लगेच धुऊ नका, चार-पाच तास घरात राहू द्या. थंड काचेला गरम पाणी लागलं की शंभर वर्षं टिकलेली वस्तू सिंकमध्ये दुभंगते. सिंकच्या तळाशी जाड टॉवेल अंथरा, नळाची तोटी बाजूला वळवा. कोमट पाणी, भांडी धुण्याचं सौम्य लिक्विड दोन-चार थेंब, आणि नक्षीच्या खाचांत मऊ टूथब्रश. डिशवॉशर नाही, कधीच नाही. तिखट डिटर्जंट आणि उष्णता मिळून झळाळी फिकी पाडतात. टूथपेस्ट, राख, भांड्यांची पावडर, स्टीलचा किस यांनी थर घासला जातो. आणि टॉयलेट क्लीनरच्या जवळपासही नेऊ नका, त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लानं झळाळी सरळ उतरते. झळाळी एकदा गेली की परत येत नाही, वरून मारलेला नवा फवारा जाणकाराला लगेच कळतो. जुन्या किमतीच्या चिकट चिठ्ठ्या खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवल्या की निघतात. फुलदाणीच्या आतले क्षार काढायला पांढरं व्हिनेगर चालतं, पण आत झळाळी नाही याची खात्री असेल तरच, आणि एकेक तास करत.

कपाटात एलईडी दिवे लावा, हॅलोजननं फळ्या तापतात. काचेच्या फळीवर वजनाचा अंदाज घ्या, पंच बाऊल आणि त्याचा स्टँड मिळून बरंच वजन होतं. ताटं भिंतीवर स्प्रिंगच्या तारेत अडकवू नका, काठावर सतत ताण येतो. लाकडी स्टँड बरा. एकात एक बाऊल रचायचे तर मधे फ्लॅनेलचा गोल तुकडा. रोजच्या जेवणात ही भांडी वापरू नयेत असं माझं मत. काच विषारी आहे म्हणून नव्हे, आमटीच्या उष्णतेनं आणि चमच्याच्या घासणीनं तिचं वाटोळं होतं म्हणून. सुका मेवा, चॉकलेट, फुलं, हे ठीक.

पुण्याला नेताना एकेक वस्तू आधी आम्लरहित पातळ कागदात, मग बबल रॅपच्या दोन थरांत. बुडबुड्यांची बाजू काचेला लावू नका, उन्हाळ्यात तिचे गोल ठसे झळाळीवर उमटलेले पाहायला मिळतात. वर्तमानपत्रही थेट नको. पोकळ जागा, म्हणजे बाऊलचा पोटाकडचा भाग आणि पेल्याचं तोंड, कागदानं हलक्या हातानं भरा, ठासू नका. खोक्यात खोकं: आतल्या खोक्याभोवती सगळीकडून दोन इंच गादी. खोकं हलवून बघा, आवाज आला तर पुन्हा उघडा. ताटं आडवी रचून नेऊ नका, उभी ठेवा. विमानात शक्यतो हातातल्या बॅगेतच. घरी पोचल्यावर पावसाळ्याआधी सगळं आवरण काढून टाका. दमट हवेत महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवलेल्या काचेवर डाग धरतात.

खरेदीची पावती आणि वस्तूचा फोटो दोन्ही जपा. 1910 च्या आसपासची वस्तू आता शंभरी ओलांडलेली आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू भारताबाहेर नेण्यावर 1972 च्या पुरावस्तू कायद्याचा अंकुश आहे. उद्या तोच बाऊल परत अमेरिकेला न्यायचा झाला तर तो मुळात तिकडूनच आणला होता, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. येताना सीमाशुल्काची त्या वेळची सूट किती आहे ते प्रवासाआधी तपासा, ती बदलत असते.

आणि पुण्याला गेलातच तर जुन्या बाजारात नजर ठेवा, कारण ही काच आपल्याकडेही बनली. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या मॅरीगोल्ड फुलदाण्या आणि पेले अमेरिकन संग्राहक आवडीनं घेतात. काहींवर इंग्रजीत ‘जैन’ हे नाव काचेतच असतं. टिळकांच्या काळात, 1908 मध्ये सुरू झालेल्या तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचं नावही या यादीत घेतलं जातं. हे भारतीय पेले बहुतेक साच्यात फुंकून केलेले, म्हणून दाबून केलेल्या अमेरिकन पेल्यांहून खूप पातळ आणि ठिसूळ. काठावरचे टवके इथे नेहमीचे, त्यांना अमेरिकन मालाएवढी कडक शिस्त लावू नका. भंगारवाल्याकडे, वाड्यांच्या आवराआवरीत, स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात गेलेल्या सामानात ते निघतात आणि विकणाऱ्याला बहुधा फक्त ‘रंगीत ग्लास’ एवढंच माहीत असतं. पेला उलटा धरून तळाशी आणि पोटाच्या खालच्या पट्ट्यात अक्षरं शोधा, टॉर्च तिरपा मारून. समोरून मारलेल्या उजेडात ती दिसत नाहीत.